लाखेचं सील

नागनाथ मास्तरनं सही केली आणि मालनबाईच्या गवऱ्या थापायच्या जागेवर सरकारी गाडी येऊन उभी राहिली. सरकारी म्हणजे, गाडी काही सरकारची नव्हती. गाडी होती हिल्डाबाईची. पण सरकारनं तिला लाखेचं सील ठोकलं म्हणून मास्तर तिला सरकारी म्हणायचा, आणि मास्तर एकदा म्हणला की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

झालं होतं असं. हिल्डाबाई म्हणजे साठी उलटलेली एक इंग्रज विधवा. नवऱ्याची जुनी मोटार घेऊन एकटीच विलायतेहून निघाली आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान मागं टाकत चारठाण्याची देवळं बघायला इथवर आली. एवढ्या लांबून देवळं बघायला! आपल्याकडच्यांनी जिंतूरला जाता-येता बसच्या खिडकीतून नुसता हात जोडायचा. आणि मोटार तरी कसली, चाकावरचं घरच ते. आत पलंग, पडदे, चूल, भांडी घासायला इवलीशी मोरी. पंचवीस वर्षांची गाडी, चढाला लागली की म्हाताऱ्यागत खोकायची. देवळं बघून परभणीकडं जाताना नांदखोरीच्या नाल्यापाशी तिचं इंजन तापलं आणि नेमका तिथूनच जमादार सायकलवर चालला होता. त्यानं सहज म्हणून कागद मागितले. झालं, तिथून सगळ्यांच्या मागं लचांड लागलं.

गाडी देशात ठेवायच्या परवान्याची मुदत संपलेली. विमा नाही. आणि जो एक कागद धड होता तो मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. जमादारला इंग्रजी येईना म्हणून शाळेतून नागनाथ मास्तरला बोलावलं.

"हिचा मिस्टर कुठाय ते इचारा," जमादार म्हणला.

मास्तरनं विचारलं. हिल्डाबाईनं आभाळाकडं बोट केलं. मास्तरची बायको मालनबाई पाण्याची घागर घेऊन तिथंच उभी होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण हे लगेच कळलं. "अगं माय, तिकडं बी असंच हाय का?" ती म्हणली. "माणूस जातं आन् कागदावर तेवढं त्याचंच नाव ऱ्हातं."

गाडी जप्त झाली. पण ठाण्याला न्यायची कशी? ती तर जागची हलेना. मग जमादारनं सगळ्यांना गावच्या चावडीत नेलं आणि सुपुर्दनामा करायचं ठरवलं. म्हणजे काय, तर जप्त केलेली वस्तू गावातल्याच एका भल्या माणसाच्या ताब्यात द्यायची आणि त्याची सही घ्यायची. वस्तूला धक्का लागला, सील तुटलं, तर तो माणूस जबाबदार. फौजदारी गुन्हा. पोलीस पाटील माणिकरावनं कानावर हात ठेवले. "ही बला माझ्या दारात नको," म्हणला. जमादारनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि कागद मास्तरकडं सरकवला.

मास्तरच्या बापानं त्या चावडीच्या पायरीखाली उभं राहून जन्मभर हुकूम ऐकले होते. आज त्याच चावडीत खुर्चीवर बसवून सरकार मास्तरला म्हणत होतं, घ्या, तुमच्या ताब्यात घ्या. मास्तरनं कागद दुसऱ्यांदा वाचलाही नाही, लगेच सही केली आणि घरी आला तो छाती पुढं काढून.

"गाडी आपल्या दारात उभी ऱ्हानार."

"आन् माझ्या गवऱ्या?"

"गवऱ्यांचं काय घिऊन बसलीस! सरकारनं इस्वास टाकला आपल्यावर, मालन."

"टाकला तर टाकला. दुसरीकडं टाकायला जागा नव्हती का सरकारला?"

माणसांनी ढकलत गाडी आणून लावली. जमादारनं दोन्ही दारांना पट्ट्या चिकटवल्या, वर लाल लाख वितळवून ओतली, शिक्का दाबला, किल्ली खिशात घातली आणि चालता झाला. दुसरी किल्ली हिल्डाबाईच्या गळ्यात दोरीला होती, पण ते त्यानं विचारलं नाही आणि हिल्डाबाईनंही सांगितलं नाही. आता स्वतःच्याच गाडीत झोपायची तिला बंदी. म्हातारी जाणार कुठं? मास्तरच्याच घरी राहिली. मधे मुंबईला जाऊन त्यांच्या वकिलातीचं एक पत्र घेऊन आली, पण गाडी सोडायचा कागद दुसऱ्याच हापिसातून यायचा होता आणि तो येता येत नव्हता.

मालनबाई आधी लय कुरकुरली. नंतर तिचं तिलाच कळेना, कुरकुर कधी थांबली. हिल्डाबाई भाकरी खायची, ठेचा खाऊन डोळ्यातनं पाणी काढायची आणि पुन्हा ठेचाच मागायची. मालनबाईची सासू सरजाबाई खुब्याचं हाड मोडून वर्षभर बाजेवर पडून होती. तिचे केस हिल्डाबाई रोज विंचरून द्यायची. दोघी आपापल्या भाषेत बोलत बसायच्या. एकीला दुसरीचं काही कळत नव्हतं आणि दोघींचंही काही अडत नव्हतं.

पाऊस सुरू झाला तसा मास्तरचा जीव सीलात अडकला. लाख भिजली तर, शिक्का पुसला तर? त्यानं घरातली एकुलती एक छत्री गाडीच्या दाराला सुतळीनं बांधली. मालनबाई डोक्यावर पोतं घेऊन पाण्याला जायची.

"सीलाला छत्री आन् बायकूला बारदाना," ती म्हणायची. "नशीब काढलं बया म्या!"

मास्तर हसायचा, पण छत्री सोडायचा नाही.

मग रेडिओवर बातमी आली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. त्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी एकमेकींच्या तोंडात गूळ घातला. मास्तर हिल्डाबाईला समजावून सांगता सांगता रडला. मालनबाईनं त्याला रडताना दुसऱ्यांदाच पाहिलं. पहिल्यांदा बाप गेला तेव्हा.

आनंद असा कितीसा टिकला? दोन दिवसांत बस बंद झाल्या. सडकेवर झाडं आडवी पडली. या गावात घरं पेटवली, त्या गावात विहिरीत घाण टाकली, असं कानावर यायला लागलं. वस्तीतली माणसं जमेल तशी निघाली, कुणी सोयऱ्यांकडं, कुणी नाल्याच्या कडंनं रानात. मास्तरची पोरं शाळेसाठी पिंगळीला मामाकडं होती, तेवढं बरं. पण सरजाबाईला उचलून रानातून किती न्यायचं? तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी ती किंचाळायची. आणि मास्तर तर म्हणत होता, जायची गरजच नाही.

"दारात सरकारी सील हाय," म्हणायचा. "ह्या दाराला हात लावायचा म्हंजे सरकारला हात लावायचा. येवढी कुनाची छाती हाय?"

शिकलेल्या माणसाची चूक ही अशी असते. मालनबाईला वाटायचं, त्याचं खरंही असेल. कायदा त्यानं वाचलेला, तिनं थोडाच वाचला होता! आणि आपल्याच माणसानं लिहिलेला कायदा, त्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

आठवडी बाजारच्या दिवशी दुपारी चंद्रभान पळत आला. चंद्रभान वरच्या आळीचा शेतकरी, मास्तरचा शाळासोबती. पावसात भिजला होता आणि धड श्वास लागत नव्हता.

"मास्तर, निघा. लोक जमायलेत मारुतीच्या पाराजवळ. बाहेरचे बी हायेत. रॉकेलचे डबे आनलेत."

"पोलीस पाटलाला सांगितलं का?"

"माणिकराव सकाळीच परभनीला गेलाय. मला इचारू नका कामून गेला. तुमी निघा म्हनतो ना!"

"चंद्रभान, माझ्या ताब्यात जप्तीचा माल हाय. मी सोडून गेलो आन् काही झालं तर उद्या जाब कोन देनार?"

चंद्रभाननं कपाळावर हात मारला. "वैनी, तुमीच सांगा ह्याला," म्हणला आणि आल्या वाटेनं पळत गेला. त्यालाही घर होतं. तिथं उभा दिसला असता तर त्याचीही खैर नव्हती.

मालनबाईनं सासूकडं पाहिलं. सरजाबाई म्हणली, "मला ऱ्हाऊ दे गं. माझं झालंय आता. तुमी जावा." हे ऐकलं आणि मालनबाईचं डोकंच फिरलं.

"अवं," ती मास्तरला म्हणली, "ही गाडी चालती का न्हाई ते इचारा त्या बाईला."

"मालन, येड लागलंय का? सील हाय."

"इचारा म्हनते ना मी!"

विचारायची गरज नव्हती. हिल्डाबाईनं गळ्यातली किल्ली काढून हातात धरली होती. गाडी दारात लावल्यावर, सील ठोकायच्या आधीच, तिनं थंड झालेल्या इंजनात पाणी भरून ठेवलं होतं. सुरू होईल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

मास्तर गाडीच्या दारापुढं आडवा उभा राहिला. "ऐक माझं," म्हणला. "सील फुटलं तर गुन्हा. गुन्हा झाला की नौकरी गेली. नौकरी गेली की पोरांची शाळा गेली. मंग आपन पुन्यांदा तिथंच, पायरीखाली. तुला पायजे का ते?"

तो ओरडत नव्हता. विनवत होता. मालनबाईला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. पाराकडून माणसांचा गलका ऐकू येत होता. तिनं छपरात खोचलेलं खुरपं काढलं, मास्तरला कोपरानं बाजूला सारलं, छत्री ओढून चिखलात टाकली आणि लाखेवर घाव घातला. एका घावात फुटली नाही. सरकारी लाख ती! दुसऱ्या घावात तुकडे उडाले.

मास्तर त्या तुकड्यांकडं बघतच राहिला.

"बगत काय ऱ्हायलाव? आत्याला धरा!"

सरजाबाईला गोधडीसकट उचलून गाडीतल्या पलंगावर टाकली. म्हातारीनं दातावर दात दाबले, पण हूं की चूं केलं नाही. हिल्डाबाई स्टिअरिंगमागं बसली, किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. दीड महिना एका जागी उभी होती, बॅटरी बसली होती. हिल्डाबाईनं सीटखालून एक वाकडं लोखंडी हॅन्डल काढलं आणि खिडकीतून मास्तरपुढं धरलं.

मास्तरनं हॅन्डलकडं पाहिलं. मग वस्तीच्या तोंडाशी पाहिलं. तिथं पहिलं घर होतं सुलाबाईचं, आणि त्याच्या छपरातून, एवढ्या पावसातही, धूर निघत होता. सीलाला हात न लावणारे ते लोक एवढ्या जवळ आले होते. मास्तरनं हॅन्डल घेतलं, गाडीच्या नाकात घातलं आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून फिरवलं. तिसऱ्यांदा गाडी धडधडली.

नाल्याच्या पुलावर माणसं उभी होती. हातात काठ्या, कुणाकडं कुऱ्हाडी. हिल्डाबाईनं भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही आणि गाडीचा वेगही कमी केला नाही. मागं पडद्याआड मालनबाई सासूवर पालथी पडली होती, मास्तर खाली पत्र्यावर. अशी गाडी त्या लोकांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि चालवायला गोरी म्हातारी, केस पिंजारलेली. कुणी तरी ओरडलं, "बाजूला व्हा, साहेबाची हाय!" माणसं बाजूला झाली. कोण साहेब, कुठला साहेब, ते कळेपर्यंत गाडी पुढं गेली होती. मग मागून एक दगड आला आणि खिडकीची काच मालनबाईच्या पाठीवर सांडली.

"सील फुटलं, मालन," खालून मास्तर म्हणला. तेच तेच म्हणत होता.

"डोकी फुटली न्हाईत हे बगा आधी," मालनबाई म्हणली, आणि मग तिला रडू फुटलं ते आवरेना.

परभणीच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. माणसं कुठून आली हे कुणी विचारलं नाही. कागद मागितले. गाडी पुन्हा जप्त झाली आणि हिल्डाबाईला कुठं जायचं नाही असं बजावून एका धर्मशाळेत ठेवलं. मास्तर, मालनबाई आणि सरजाबाई पिंगळीला मालनबाईच्या भावाकडं गेले. चार दिवसांनी चंद्रभानचा निरोप आला. घराचं नुसतं जोतं राहिलं होतं.

त्यानंतर ठाण्यातून बोलावणं आलं, सुपुर्दनामा ज्यानं केला होता त्याच जमादाराकडून. मास्तर एकटाच निघाला होता. मालनबाई म्हणली, "मी बी येनार. आपल्याला बी तक्रार द्यायची हाय." ठाण्यात गेले तर हिल्डाबाई आधीच आणून बसवली होती. तिनं उठून मालनबाईचे दोन्ही हात धरले.

जमादार काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मास्तरला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मग आवाज खाली आणला.

"मास्तर, तुमच्या भल्याचं सांगतो. सील फुटलंय, त्याचा जाब कुनाला तरी द्यावाच लागंल. तुमी दिला तर नौकरी जाती. म्हनून असं लिवा, तुमी कामानं भाईर गेला व्हता आन् पाठीमागं ह्या बाईनं सील तोडून गाडी पळिवली. तिचे कागद तसे बी न्हाईत. एक गुन्हा हाय, त्यात अजून एक. मंग सरकार ठरवील तिला काय करायचं ते."

हिल्डाबाई एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हणतात?" असं तिनं तिच्या भाषेत विचारलं. एरवी तिनं न विचारताही अर्थ सांगणारा मास्तर समोरच्या कोऱ्या कागदाकडं बघत राहिला.

मालनबाईला त्याच्या मनातलं सगळं दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर घटकाभर तिलाही वाटलं, लिहून टाका. घर गेलं, भांडी गेली, आता पगार तेवढा राहिलाय. ही बाई परदेशी, हिचं सरकार मोठं, हिला नेतील सोडवून. आपल्याला कोण सोडवणार? असं वाटलं आणि तिचे हात हिल्डाबाईच्या हातात होते. तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती ताडकन उठली.

"सील म्या फोडलं," ती म्हणली. "खुरप्यानं. लिवा मालनबाई नागनाथ."

"बाई, तुमी मधी बोलू नका. तुमाला आत घालावं लागंल मला."

"घाला की!"

"मालन, बस खाली," मास्तर म्हणला. त्यानं कागद ओढून घेतला आणि लिहायला लागला. अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं, एकेक काना सरळ. मालनबाईला त्यानंच वाचायला शिकवलं होतं. ती त्याच्या खांद्यावरून बोट धरल्यासारखी अक्षर अक्षर लावत गेली. जप्त मोटारीचे सील मी स्वतः फोडले. मोटार मी स्वतः सुरू केली.

"अवं, हे खोटं हाय. तुमी तर हात बी लावला न्हवता सीलाला."

"हॅन्डल म्याच मारलं ना? मंग गप ऱ्हा." खाली त्यानं सही केली आणि पेनला टोपण लावलं.

जमादारनं कागद वाचला आणि लांब उसासा टाकला. "मास्तर, चांगली नौकरी व्हती हो," म्हणला.

"आता आमची तक्रार लिवून घ्या," मालनबाई म्हणली. "आमचं घर जाळलं. कोन कोन व्हते ते मी सांगते."

जमादारनं दुसरा कागद घेतला. "घर कुनाच्या नावावर? ग्रामपंचायतीचा उतारा हाय? पट्टी भरल्याची पावती?"

"व्हत्या," मास्तर म्हणला.

"मंग दाखवा."

"घरातच व्हत्या. पेटीत."

जमादारनं पेन खाली ठेवला. "कागद न्हाई, तर तिथं तुमचं घर व्हतं असं मी कशाच्या आधारावर लिवू?"

या वेळी मास्तरनं हिल्डाबाईला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचं तोंड लालबुंद झालं. ती जमादारच्या टेबलावर हात आपटून बोलली आणि मास्तरनं त्याचं मराठी केलं. "ही म्हनती, मी दीड महिना त्या घरात झोपले. त्या घरात जेवले. मी साक्ष देते की घर व्हतं."

जमादारनं हिल्डाबाईकडं पाहिलं, मग मास्तरकडं.

"हिचेच कागद न्हाईत, मास्तर," तो म्हणला. "हिची साक्ष कशी चालंल?"

मालनबाईनं पदर कमरेला खोचला आणि जमादारच्या टेबलापुढं फरशीवर मांडी घालून बसली. "तुमी लिवल्याबिगर मी हितून उठत न्हाई," ती म्हणली. हिल्डाबाई तिच्या शेजारी खाली बसली, गुडघे दुखत असतानाही.

"बसा," जमादार म्हणला. त्यानं कोरा कागद बाजूला सारला, मास्तरचा कागद पुढं ओढला आणि सीलाचा गुन्हा आधी नोंदवून घेतला.